बीबीए म्हणावं की कम्प्यूटर?

"वहिनी, ऐकलंत का? आमचा नातू म्हणून राहिला, एकाच डिग्रीत मॅनेजमेंट पण शिकेन आणि कम्प्यूटर पण शिकेन."

"मग शिकू द्या की. तुमच्या पोटात का दुखतं?"

"माझ्या नाही हो, ह्यांच्या! काल रात्री जेवले नाहीत धड. म्हणतात, गोकलपूर सोडून जबलपुरात शिकण्यासारखं आहेच काय?"

काकांचं मी समजू शकते. उभा जन्म गन कॅरेज फॅक्टरीत गेला, आणि त्यांच्या लेखी इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे गोकलपूरचं, 1947 सालचं. बाकीची सगळी नुसती दुकानं. मी म्हटलं, "काकू, शरद यादवसुद्धा तिथलेच इलेक्ट्रिकलचे. आणि 1974 ची पोटनिवडणूक जिंकून थेट लोकसभेत जाऊन बसले. तेव्हा तिथे शिरलेला प्रत्येक जण मोटारच दुरुस्त करतो असं काही नाही." काकू हसल्या. कुंपणाच्या भिंतीवर कोथिंबिरीची जुडी ठेवली, म्हणजे आता अर्धा तास तरी हलणार नाहीत. आमच्या नेपियर टाउनमधले जुने बंगले एकेक करून नर्सिंग होम झाले, डॉक्टरांच्या पाट्यांशी कोण गप्पा मारणार? आमची ही भिंत अजून शाबूत आहे, म्हणून मोहल्ल्याच्या बातम्या कळतात.

तर नातवाचं खूळ. खूळ म्हणायचं, पण नवीन काही नाही त्यात. आपल्याकडे बीकॉम कम्प्यूटर अॅप्लिकेशन किती वर्षांपासून चालू आहे! बॅलन्स शीट जुळवायची, टॅली शिकायचं आणि डेटाबेसही. त्याच्या जोडीला डीसीए नाहीतर पीजीडीसीए, हे कम्प्यूटरचे डिप्लोमे. काकूंच्या सूनबाईंचंच पीजीडीसीए आहे, भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाचं. ते विद्यापीठ पत्रकारितेचं, पण मध्य प्रदेशात गल्लोगल्ली त्याची कम्प्यूटर केंद्रं. कवी-संपादकाच्या नावाने सर्टिफिकेट, आणि त्यावर ऑपरेटरची नोकरी! माखनलालजींचं 'कर्मवीर' 1920 मध्ये निघालं ते आपल्या जबलपुरातूनच, आणि त्यामागे आपले माधवराव सप्रे होते. माखनलालजींनी हे पाहिलं असतं तर अग्रलेखच लिहिला असता.

"पण समोरच्या भाभी काही वेगळंच सांगून गेल्या," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्यांच्या भाच्याने म्हणे बीबीए घेतलंय, त्यात एआय, अॅनालिटिक्स, फिनटेक, अजून काय काय. नाव सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला."

"सिलॅबस पाहिला का त्यांनी?"

"फी पाहिली."

हेच तर! नाव जेवढं लांब तेवढी फी लांब, आणि तीन वर्षांत एआयचा पेपर एकच, तोही शेवटच्या सेमिस्टरला. म्हणून मी काकूंना पुण्याचं उदाहरण दिलं. माझ्या नणंदेची मुलगी तिथे शिकली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बीबीए (सीए), म्हणजे बीबीए कम्प्यूटर अॅप्लिकेशन. आधी ह्यालाच कॉमर्सवाल्यांचं बीसीए म्हणायचे, आणि सायन्सवाल्यांचं बीसीए वेगळं. 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्याच सेमिस्टरला काय होतं बघा: बिझनेस कम्युनिकेशन, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट, सी लँग्वेज, डेटाबेस मॅनेजमेंट, स्टॅटिस्टिक्स. वर लॅब. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन्ही गोष्टी एकाच ताटात. पुढे डेटा स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि त्याच बाकावर डिजिटल मार्केटिंग. पोरगी रडली सीच्या पॉइंटरला, पण तरली.

"आणि लग्न?" काकूंचा खरा प्रश्न हाच असतो.

लग्नाचीही गंमत आहे. बायोडाट्यात 'बीबीए (सीए)' वाचून नागपूरच्या एका घराला वाटलं, मुलगी चार्टर्ड अकाउंटंट! बैठकीत जीएसटीचे प्रश्न सुरू. पोरगी शांतपणे म्हणाली, मी बिलं भरणारं सॉफ्टवेअर लिहिते, बिलं तुम्हीच भरा. जमलं नाही ते स्थळ. बरंच झालं.

पण नुसत्या गमतीत घालवण्यासारखी गोष्ट नाही ही. मी बँकेत होते तेव्हा लेजर जाऊन कम्प्यूटर आले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना डे-बुक ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना डे-बुक तोंडपाठ त्यांना माऊस धरता येईना. दोघांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावणारा माणूस सापडेना. आज तीच अडचण गोहलपूरला लेमा गार्डनच्या रेडिमेडवाल्यांकडे पाहा. आपल्या जबलपूरचे सलवार सूट परप्रांतात जातात. ऑनलाइन विकायचं म्हटलं की माल परत येतो. हिशेबनीस म्हणतो, तोटा. कम्प्यूटरवाला म्हणतो, सिस्टीम बरोबर चालतेय. पण कुठल्या रंगाचा, कुठल्या मापाचा सूट परत येतो, हे टेबलातून काढायचं आणि कटिंग मास्टरला जाऊन सांगायचं, असं दोन्ही घरचं माणूस हवं. नातवाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आजी, ह्यालाच बिझनेस अॅनालिस्ट म्हणतात." म्हणत असतील.

"मग पुण्याला पाठवू?" काकूंनी जुडी उचलली, परत ठेवली.

पाठवा, पण तिकडचं प्रकरण आता वेगळं आहे. 2024-25 पासून एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्या अखत्यारीत घेतलं. महाराष्ट्राने लगेच सीईटी लावली. पहिल्या वर्षी जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेली पोरं त्याच्या निम्मीही नाहीत! पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदलून टाकलं. कालचं बीएमएस आज बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज, म्हणजे सीईटीची कटकट नाही. बाक तेच, मास्तर तेच, पाटी नवी. तेव्हा आधी सीईटीचा फॉर्म कधी सुटतो ते बघा, मग पुण्याच्या भाड्याच्या खोलीचं बघा.

आणि पुण्याचा हट्ट कशाला, ग्वाल्हेर काय वाईट आहे? तिथे 1997 सालची, अटलजींच्या नावाची आयआयआयटीएम आहे, नावातच इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट. बीटेक आणि एमबीए एकत्र, असा पाच वर्षांचा कोर्स तिथे चालत आलाय. आपल्या डुमन्याची आयआयआयटी 2005 ची, तिच्या वाट्याला डिझाइन अँड मॅन्युफॅक्चरिंग आलं, ग्वाल्हेरच्या वाट्याला मॅनेजमेंट. 2014 च्या एकाच कायद्याने दोघींना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. शिंद्यांचं गाव, काकूंची मावससासू तिथे, जेवणाची चिंता नाही. फक्त जेईई मेनचा स्कोअर हवा, आणि त्याआधी बारावीला फिजिक्स-गणित.

काकूंनी हळूच विचारलं, "कितीला लागतं?"

"तुमच्या नातवाने बारावीला गणित घेतलं का?"

"ते विचारू नका."

इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा आयपीएमही 2011 पासून आहे, पण त्याची वेगळी परीक्षा. बंगळूरच्या आयआयएमने 2024 मध्ये डिजिटल बिझनेसची ऑनलाइन बीबीए काढली, तीही घरबसल्या करता येते. पण हा मुलगा घरी बसून अभ्यास करेल यावर काकांचा विश्वास नाही, माझाही नाही. गच्चीवर मोबाइल घेऊन फिरताना मी त्याला पाहते.

शेवटी गाडी जबलपुरात येऊन थांबली. इथे ई-प्रवेश आहे, समग्र आयडी तयार ठेवायचा, पहिल्या यादीत नाही लागलं तर सीएलसी, म्हणजे कॉलेज लेव्हल काउन्सेलिंगचा राऊंड. मध्य प्रदेशाने नवं शिक्षण धोरण 2021-22 लाच आणलं, त्यामुळे तीन वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष काढून ऑनर्स घ्या. काकूंकडून कळलं, आता काका म्हणतात, "बीबीए कर, पुढे बघू." हे मात्र मला पटलं नाही. एमबीएला कुठल्याही डिग्रीवरून जाता येतं, पण पुढे एमसीए करावंसं वाटलं तर कित्येक ठिकाणी बारावीला नाहीतर डिग्रीत गणित विचारतात. ह्या पोराने बारावीला कॉमर्स घेतलं, गणित सोडलं. नुसतं बीबीए केलं तर तिथला दरवाजा बंद होऊ शकतो. बीकॉम कम्प्यूटर घ्यायचं तरी त्यात गणित-स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे की नाही, आणि एमसीएवाले तो मानतात का, हे आधी विचारून ठेवा.

काकूंनी हे सगळं आत जाऊन काकांना सांगितलं असणार, कारण संध्याकाळी काका स्वतः भिंतीपाशी आले. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"वहिनी, तुमचं म्हणणं काय मग? एका वाक्यात सांगा."

मी सांगितलं. अकाउंट्स पक्कं ठेवणारं बीकॉम कम्प्यूटर हे पाच ओळींच्या नावाच्या बीबीएपेक्षा बरं, जर कॉलेजातली लॅब रोज उघडत असेल आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पोरगा एखाद्या गारमेंटवाल्याकडे नाहीतर सीएच्या ऑफिसात खरोखर काम करणार असेल. काका "हूं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार.

ज्यांच्या घरी यंदा बारावीचं पोर आहे त्यांनी पत्रक बाजूला ठेवावं, विद्यापीठाच्या साइटवरून तिन्ही वर्षांचा सिलॅबस उतरवून घ्यावा, पेनने दोन खुणा कराव्यात, एक धंद्याच्या पेपरांना आणि एक कम्प्यूटरच्या पेपरांना. आणि फी भरण्याआधी एखाद्या दुपारी कोणाला न सांगता जाऊन लॅबचं दार उघडं आहे का ते पाहून यावं.