झाकण नीट लावा

आषाढातला रविवार होता. लोणावळ्याजवळच्या एका पाऊलवाटेवर आम्ही चौघं पाऊण तास एक डबा शोधत होतो. शेवटी तो माझ्या आठ वर्षांच्या मुलीला एका कपारीत दिसला. तिने तो दोन्ही हातांनी बाहेर काढला, उघडला, आणि आतून गढूळ पाणी तिच्या बुटांवर सांडलं. वहीचा लगदा झाला होता. शाई पसरून पानं निळी पडली होती, एकही नाव वाचता येत नव्हतं. झाकणाला चार बाजूंना चार क्लिपा होत्या. त्यातल्या दोनच लावलेल्या होत्या.

या दोन क्लिपांबद्दल मला मनापासून राग आहे.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे फोन घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात, आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवतात. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि हा खेळ सुरू झाला. त्या पहिल्या बादलीतही वही होती आणि सोबत पेन्सिल होती. आता पेन्सिल ठेवायची कोणाला आठवण राहत नाही. मुलांना दोन तास चढवून वर न्यायचं, डबा सापडायचा, आणि लिहायला काही नाही म्हणून त्यांची नावं न लिहिताच खाली उतरायचं, हे आमच्या वाट्याला तीनदा आलंय. आता माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात कायम दोन पेन्सिली असतात.

डबा लपवणारा मदतीला सांकेतिक अक्षरांत एक खूणही देतो, तिचंही तेच. खूण उलगडायची तर प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे मोजावं लागतं. फोनवर एका टिचकीत होतं, पण मुलीला ते हाताने करायला आवडतं. त्या दिवशी ती ओल्या दगडावर बसून बोटांवर मोजत होती. ई, बी, पी, एक्स. दहा मिनिटांनी उत्तर आलं: रॉक. सह्याद्रीत लपवलेल्या डब्याची खूण म्हणून ‘दगड’ लिहायचं! फोन झाडीत आणि कड्याखाली सहज दहा मीटर चुकतो. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर, चार टू-बीएचके फ्लॅट मावतील एवढी जागा, आणि त्यात सगळे दगडच. पावसाळ्यात दगडाखाली विंचू असतो, साप असतो. मुलं हात घालणार हे लपवणाऱ्याला ठाऊक असतं. ‘डावीकडच्या कपारीत, कमरेच्या उंचीवर’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आम्ही शोधत असताना गुरं घेऊन निघालेले एक बाबा थांबले. “काय हरवलं का ताई?” मी खेळ समजावला. ते म्हणाले, “मागं पलीकडच्या टेपावर पोरांना एक डबा गावला व्हता. आत गोट्या, चाव्या, कायबाय. कुणाचा म्हणून इचारलं, कुणी सांगंना. आता त्यात डाळ ठेवतो.” त्या बाबांचं काहीच चुकलं नाही. डब्यावरची चिठ्ठी इंग्रजीत. ज्यांच्या गुरांच्या वाटेवर आपण डबा ठेवतो, त्यांना वाचता येईल अशा दोन ओळी मराठीत लिहायला नकोत? डबा हरवला की ‘चोरीला गेला’ असं लिहून मोकळं व्हायचं, याची मला लाज वाटते.

डब्यात खाऊ ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. नियमात अन्नाला मनाई आहे. तरी चॉकलेट ठेवतात, आणि वासाने माकडं डबा फोडतात.

पण सगळ्यात जास्त खुपलं ते घरी आल्यावर. आमच्या आधीच्या तिघांनी त्याच पावसाळ्यात ऑनलाइन नोंदी केल्या होत्या: सापडला, आभार, मस्त जागा. वही भिजलीय, हे एकानेही कळवलं नव्हतं. पहिल्याने कळवलं असतं तर वही वाचली असती. त्यात पाच वर्षांपूर्वीची नावं होती. कोणाचं तरी मूल तेव्हा तिसरीत असेल, त्याने वाकड्या अक्षरात नाव लिहिलं असेल, आणि ते आज आठवीत येऊन आपलं नाव शोधेल. माझी मुलगी असंच करणार आहे, तिने मला सांगून ठेवलंय.

त्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही डबा तिथेच नवऱ्याच्या कोरड्या रुमालाने पुसला होता. मुलीच्या वहीतली चार पानं झिपच्या पिशवीत घातली, एक पेन्सिल ठेवली. वर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: हा खेळाचा डबा आहे, पाहून झाल्यावर कृपया इथेच ठेवा. मालकाला भिजलेल्या वहीचा फोटो पाठवला. क्लिपा मुलीने लावल्या, एकेक करून, चारही वेळा टक् असा आवाज येईपर्यंत.

गणपती झाले की पुन्हा जाणार आहोत, झाकण बघायला.