टाइप-सीच्या दारात डी-प्लस आणि डी-मायनस : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

साहित्य : एक मायक्रोकंट्रोलर, एक टाइप-सी कनेक्टर, चार थरांचा बोर्ड, दोन ट्रॅक. अंतर चार सेंटिमीटर. लागणारा वेळ एक शनिवार, एक रविवार आणि सोमवारची रजा.

पायरी १. चिप कनेक्टरपासून शक्य तितकी लांब ठेवा. जवळ ठेवली तर काम दहा मिनिटांत उरकेल आणि घरचे विचारतील, एवढ्यासाठी इंजिनीअर झालास का?

पायरी २. डी-प्लस आणि डी-मायनस या यूएसबीच्या डेटा-जोडीचा डिफरन्शियल इम्पिडन्स ९० ओहम हवा. तो ठरतो ट्रॅकची रुंदी, दोघांमधली फट आणि खालचं ग्राउंड किती खोल आहे यावरून. ही खोली बोर्ड बनवणाऱ्याच्या स्टॅक-अपमध्ये लिहिलेली असते, म्हणून तो मागवू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी दोन थरांच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डवरची मापं उचला. शेजाऱ्याचा सदरा बाहीत लांब झाला तर दुमडता येतोच.

पायरी ३. जोडी कनेक्टरपाशी आली की पिना नीट वाचा : डी-मायनस, डी-प्लस, डी-मायनस, डी-प्लस. प्लग उलटसुलट कसाही खुपसता यावा म्हणून सॉकेटमध्ये प्रत्येकाची दोन दारं. एकाच थरावर राहून चारही दारं जोडायची तर कसरत करावी लागते. जाणकार एकाला दोन व्हाया देऊन खालून नेतात आणि मोकळे होतात. तुम्ही सोय बघून प्लस-मायनसची अदलाबदल करा. पीसीआय एक्स्प्रेस असली उलटापालट चालवून घेतं, यूएसबी २.० नाही. डी-प्लसवरचा १.५ किलोओहमचा पुल-अप आता डी-मायनसवर दिसेल आणि कॉम्प्युटर तुमच्या यंत्राला जुन्यापान्या माऊससारखं लो-स्पीड समजेल.

पायरी ४. अदलाबदल निस्तरून झाली की लांबी मोजा. एक ट्रॅक १ मिलिमीटरने जास्त निघेल. बोर्डमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर धावतो, म्हणजे चूक झाली सुमारे ७ पिकोसेकंदांची. ४८० मेगाबिटच्या वेगाने एक बिट सुमारे २,०८३ पिकोसेकंद टिकतो. हे गणित करू नका. लगेच लांबी जुळवायला आखूड ट्रॅकच्या वळणावळणाच्या जिलब्या पाडायला घ्या. रविवार यातच जाईल.

पायरी ५. ईएसडी डायोड चिपशेजारी बसवा, तिथे जागा असते. ठिणगी येते ती बाहेरून, कनेक्टरच्या पिनेतून. पण चोर घरभर फिरून आला तरी कुलूप शेवटी लागलंच ना!

पायरी ६. खालच्या ग्राउंड प्लेनकडे बघू नका. गेल्या आठवड्यात ३.३ व्होल्टची पट्टी न्यायला तुम्हीच तो मधोमध चिरला आहे आणि जोडी नेमकी त्या भेगेवरून जाते. खालून परतणाऱ्या करंटला आता भेगेला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशाचा अँटेना होतो. सॉफ्टवेअरची तपासणी हिरवा कंदील दाखवेल. तिला फक्त ट्रॅक एकमेकांना चिकटले नाहीत ना, एवढंच कळतं.

पायरी ७. आता चिपची डेटाशीट उघडा. हो, आता. पहिल्याच पानावर लिहिलेलं असेल : यूएसबी २.०, फुल-स्पीड, १२ मेगाबिट. एक बिट ८३ नॅनोसेकंदांचा. चार सेंटिमीटरसाठी ९० ओहमचा एवढा घोर लावून घ्यायची गरज नव्हती, जिलब्यांची तर मुळीच नाही.

त्या राहू द्या, फोटोत छान दिसतात. भेग तेवढी बुजवा.