वांगाची ट्यूब विकणाऱ्या मेडिकलवाल्यांस

मेडिकलवाले दादा,

तुम्ही त्वचारोगतज्ज्ञ कधी झालात, तेवढं सांगा. आमच्या भागातल्या बायकांचे वांग इतकी वर्षं तुम्हीच तर तपासताय, काउंटरपलीकडून, एका नजरेत! चाळिशी उलटते, गालांवर तपकिरी डाग उमटतात, घरात लग्नकार्य निघतं आणि बाई तुमच्या दुकानाची पायरी चढते. "ही लावा ताई, आठ दिवसांत फरक." डॉक्टरांची चिठ्ठी मागायला तुमची जीभ कधी वळली नाही.

फरक पडतो, म्हणून तर बायका फसतात. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. अशा तिहेरी मिश्रणाचं सूत्र क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलं. औषध म्हणून ते चांगलंच आहे. डॉक्टर ते काही आठवडे देतात आणि बंद करतात. तुम्ही मात्र ते कोल्डक्रीमसारखं विकता. "आता थांबवा" असं एकदा तरी कुणाला म्हणालात?

माझ्या ताईने ती ट्यूब वर्षानुवर्षं लावली. कातडी पातळ झाली, गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली. उन्हात पाऊल टाकलं की चेहऱ्याची आग आग. ट्यूब सोडली की चेहरा लालबुंद होऊन पुरळ उठायचं, की ती पुन्हा तुमच्याच दारात. अशा चेहऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञांनी 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय. ताईने तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "वय झालं की व्हायचंच." नाही दादा, ते वयाने केलेलं नाही. वयाने तिला चार सुरकुत्या आणि थोडे डाग दिले होते. बाकीचं तुम्ही दिलंत, वर पैसेही घेतलेत.

पंचेचाळिशीतल्या बाईला नीटनेटकं, छान दिसावंसं वाटतं, यात लाजण्यासारखं काहीही नाही. तिच्या त्याच हौसेवर तुमचा गल्ला भरतो, आणि याची मला चीड आहे.

स्टेरॉइडची मलमं 2018 मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये आणली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. खोक्यावर तसं छापलेलं असतं आणि वाचता तर तुम्हाला येतं.

आता चिठ्ठी मागायला लागा. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र "आजपासून एकदम बंद" असं सांगू नका, त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. अशी सवय लागलेली ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. आणि स्वतःहून काही विकायचंच असेल, तर सनस्क्रीन विका. ऊन लागलं की वांग वाढतो, त्यामुळे सनस्क्रीनशिवाय कुठलाच उपचार टिकत नाही. सनस्क्रीनला चिठ्ठीही लागत नाही. यानंतर चिठ्ठीविना एक जरी ट्यूब काउंटरवर आलेली दिसली, तरी माझी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल, तुमच्या दुकानाच्या नावासकट.

तुमच्या एका गिऱ्हाइकाची धाकटी बहीण