नातवाची गाडी, आजीचे गुडघे

आमच्या आणि काकूंच्या अंगणात भिंत नाही, उभ्या रोवलेल्या शहाबादी फरश्या आहेत, कमरेइतक्या. कोपर टेकून बोलायला कर्नाटकातल्या आमच्या खजुरीत याहून बरी सोय नाही. उन्हाळ्यात दहा वाजले की कोपर भाजतं, एवढंच.

सध्या फरशीवर एकच विषय आहे, काकूंच्या नातवाची बाबागाडी. नातू पुण्याला असतो, दीड वर्षाचा. सून कामावर रुजू होतेय, म्हणून दोन महिने तो आजीकडं येणार. मुलानं फोनवर गाड्यांचे फोटो धाडलेत आणि विचारलंय, आई, यातली कुठली मागवू?

"मला इचारतोय म्हंजी उद्या गाडी मोडली तर मीच पसंत केली हुती म्हनायला मोकळा," काकू म्हणाल्या.

पलीकडून अक्का आल्याच. "अव्वा, गाडी कशाला लागतीय? आमची चार लेकरं कडंवर वाढली की!" अक्का प्रत्येक नव्या वस्तूला असंच म्हणतात. मिक्सरलाही म्हणाल्या होत्या. आता शेंगाचटणीचा घरघराट सकाळी आमच्यापर्यंत ऐकू येतो.

मी म्हटलं, "अक्का, तेव्हा तुमची पंचविशी होती. हे पोरगं दहा किलोच्या वर असणार, आणि काकूंना डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय." मग अक्का गप्प बसल्या. गाडी नातवाच्या नावावर येणार खरी, पण ती घ्यायची आजीच्या गुडघ्यांसाठी. एवढं ठरलं की निम्मे फोटो आपोआप बाद होतात.

पहिला फोटो तीन मोठ्या चाकांच्या गाडीचा. हवेचे टायर, गादी, छत, चहाचा कप ठेवायलासुद्धा जागा. वजन बारा किलो.

"पोरगं धाचं, गाडी बाराची," काकूंनी लगेच हिशेब मांडला. "मग बसमदी चढताना पोराला चालवत नेऊ आन् गाडी कडंवर घिऊ का?"

पण खरं सांगायचं तर मुरमाच्या रस्त्यावर चालावं ते असलंच चाक. मोठं चाक खड्यावरून जातं, लहान चाक खड्याला अडतं. आमच्याकडं त्याला एकच वैरी, बाभळीचा काटा. सायकलवाला पंक्चर काढून देईल, पण रोज कोण जाणार त्याच्याकडं?

दुसरी गाडी अगदी हलकी आणि स्वस्त. चार टोकांना जोडजोड चाकं, सुपारीएवढी. काकूंच्या सोप्यातल्या फरशीवर ती सुरेख पळेल. गल्लीत आणली की पुढची चाकं थरथरणार, आडवी होणार, आणि एखाद्या खड्यापाशी गाडी जागच्या जागी थांबून लेकरू पुढं झोकांडणार. पहिला पाऊस पडला की काळी माती त्या चाकांच्या सांदीत अशी बसते की चाक फिरायचंच बंद होतं. तसं चिखलात कुठलीच गाडी चालत नाही म्हणा, आमच्या काळ्या रानात बैलगाडी रुतते. पावसाळ्यात गाडी घरात, आणि पोरगं आजोबांच्या खांद्यावर.

तिसरी मधली. सात किलोच्या आसपास, चाकं तळहाताएवढी, भरीव, म्हणजे काट्याची भीती नाही. पुढची चाकं खटका दाबून सरळ अडकवून ठेवता येतात. मुरमावर हा खटका फार कामाचा. चाक भरकटत नाही. माझं मत तिसरीला.

"दुमडती का पन?" अक्कांचा प्रश्न. गाडी नको म्हणणाऱ्या बाईनं नेमकं वर्म काढलं.

कारण गाडी जाणार कुठं? लसीला आळंदला, फार तर गुलबर्ग्याला, नाहीतर हद्द ओलांडून उमरग्याला माहेरच्यांकडं. आमच्या बायकांना दोन्ही सरकारांची तिकिटं तोंडपाठ आहेत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, आणि महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या १७ मार्चपासून अर्धं तिकीट. फुकट झाल्यापासून बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत एका हातावर लेकरू धरून दुसऱ्या हातानं गाडी मिटता आली पाहिजे. दोन हात, एक पाय आणि कंडक्टर लागत असेल, तर ती गाडी आपल्या उपयोगाची नाही.

छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली ती एका विमानवाल्यानं, हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी निवडायचं सूप खाली ठेवलं. ओवेन मॅक्लारेन नावाचे इंग्रज इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातलं ते स्पिटफायर विमान, त्याच्या पंखांत मिटणाऱ्या चाकांच्या कामात ते होते. पुढं लेक नातवंडाला घेऊन आली, तिची ती अवजड गाडी बघितली, आणि १९६५ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची गाडी काढली. वजन तीन किलोच्याही आत.

"म्हंजी तितंबी आज्यालाच कळलं," काकू म्हणाल्या.

त्याच नावाच्या कंपनीला २००९ साली अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं वाटावी लागली. गाडी उघडताना सांध्यात लेकरांची बोटं सापडून शेंडे तुटल्याच्या बारा तक्रारी आल्या होत्या. तेव्हा गाडी उघडायची आणि मिटायची ती पोराला लांब ठेवूनच. हे ऐकून अक्कांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांनीच तक्रार केली होती.

मुलानं एक खोक्याचा फोटोही धाडलाय. त्यावर लिहिलंय ईएन १८८८.

"इतकी जुनी? शिळा माल गळ्यात घालतेत का काय!"

ते साल नव्हे, युरोपातल्या तपासणीचा क्रमांक आहे, लेकरांच्या चाकाच्या गाड्यांसाठीचा. ब्रेक लागतो का, उतारावर कलंडते का, बोट कुठं अडकतं का, ते बघतात. हे काकूंना पटायला दोन घमेली तूर निवडून व्हावी लागली.

पट्टा पाच टोकांचा हवा, दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक मांड्यांच्या मधून. नुसता कमरेचा असेल तर दीड वर्षाचं पोर त्यात उभं राहतं. आणि दांड्याला पिशव्या अडकवायच्या नाहीत. काकू बाजारातून पाच किलो डाळीची पिशवी अडकवणार, पोराला उचलणार, आणि गाडी मागं उताणी. पिशवी खालच्या जाळीत. ऊन लागतंय म्हणून वरून दुपटंही झाकायचं नाही. आतली हवा कोंडून ताप वाढतो. छत पुढं ओढायचं, आणि आमच्या एप्रिलमधल्या दुपारी तर बाहेरच पडायचं नाही.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही, दांड्याची उंची. मुलगा सहा फुटी, त्याला सगळंच बसतं. काकू त्याच्या छातीला लागतात. दांडा कोपराच्या जरा खाली आला पाहिजे, नाहीतर गुडघे वाचवायला गेलो आणि कंबर गेली. म्हणून मी सांगितलं, मागवायच्या आधी पुण्यात दुकानात जाऊन दांडा जमिनीपासून किती ते टेपनं मोजून घे म्हणावं. काकूंनी तिथंच फरशीला पाठ लावून स्वतःचं माप घेतलं, वितीनं.

गुलबर्ग्याला अप्पांच्या, म्हणजे शरणबसवेश्वरांच्या, जत्रेला न्यायची का, हा अक्कांचा शेवटचा मुद्दा. अजिबात नाही. होळीनंतर पाचव्या दिवशी त्यांचा रथ निघतो तेव्हा त्या गर्दीत गाडी ढकलणाराला लोक शिव्या देतील, आणि पोराला रथाऐवजी नुसती धोतरं दिसतील.

तर तिसरीच मागवायची ठरली. रंग काळपट, पांढरा नको; आमच्या मातीत तो चार दिवसही टिकत नाही. काकू फोन लावायला आत गेल्या आणि परत फरशीपाशी आल्या.

"आगं, किंमत आमच्या धाकट्या जावंला सांगू नगंस. इचारलं तर म्हन, पोराच्या मामानं दिली."

अक्का मान हलवून हो म्हणाल्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत जावेला कळणार.