पाळी, पाणी आणि शोधशब्द

कोर्टकचेरीत पूर्वी दफ्तराचे गठ्ठे सुटायचे. आता मोबाइल आणि संगणक उघडतात, आणि हजारो मेसेज वकिलांपुढे येऊन पडतात. सगळे वाचायचे म्हटले तर निकाल ऐकायला नातवंडंच जातील. म्हणून शोधशब्द ठरवतात: हा 'आणि' तो, हा 'किंवा' तो, अमुक मात्र 'नको'.

समजा, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरून बारामती-इंदापूरकडे दावा लागला. वकीलसाहेब टाइप करतात, 'आवर्तन', म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी. पाटबंधारे खात्याची पत्रं भराभर निघतात. शेतकऱ्यांचं एकही नाही. बांधावरून आवर्तन कोण लिहितो? "आबा, पाणी सुटलं का?", "आपली पाळी कधी?", "टेलला थेंब नाही." बरं, 'पाळी'च्या मागेपुढे काहीही चालेल अशी चांदणी (*) लावून शोधावं, तर साखर कारखान्यातली रात्रपाळी आणि गोठ्यातली पाळीव जनावरंही कोर्टात हजर होतात. शिवाय निम्मी मंडळी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि उरलेली व्हॉइस मेसेज टाकतात.

नावानं शोधावं? बारामतीत 'पवार' घालून काय चाळलं जाणार! आणि सातबाऱ्यावरचा दत्तात्रय लोकांच्या मोबाइलमध्ये 'बापू मोटरवाले' असतो.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या रेल्वे अपघाताच्या खटल्यातली सुमारे 40,000 कागदपत्रं घेऊन ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी 1985 मध्ये एक अभ्यास छापला. वकिलांना वाटत होतं, शोधशब्दांनी कामाचे निदान 75 टक्के कागद हाती आले. प्रत्यक्षात आले होते 20 टक्क्यांच्या आसपास. फिर्यादी 'अपघात' म्हणत होते. बचावाची बाजू 'घटना', 'अडचण' असं सौम्य काहीतरी लिहीत होती. ज्याच्या अंगाशी येतं, तो कधी खरा शब्द लिहितो का? आपल्याकडेही लाच कुठल्याच मेसेजमध्ये नसते, 'तेवढं बघून घ्या' असतं.

म्हणून जाणते लोक सापडलेल्या कागदांवर खूश होत नाहीत. न सापडलेल्या ढिगातून मूठभर उचलून ते डोळ्यांनी वाचतात. तिथे कालव्याच्या शेवटाला म्हणतात तो 'टेल' दिसला की तो यादीत घालतात आणि पुन्हा शोधतात. शहाणपण एवढंच, पण कंटाळवाणं.

माझं ऐकाल तर शोधशब्द ठरवायला आधी पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला चहाला बोलवा. कालव्यावर कोण काय बोलतं, ते त्याच्याइतकं कुठल्या यंत्राला ठाऊक नाही. फक्त साक्षीला उभं करू नका. तो दोन्ही बाजूंचा पाहुणा लागतो.