शेवटचा भुरका

मुलाच्या कंपनीतल्या जपानी साहेबांनी आम्हाला पुण्यात घरी चहाला बोलावलं आणि चिरंजीवांनी व्हॉट्सअॅपवर सूचनांचा सपाटा लावला. चपला काढून टोकं दाराकडे करून ठेवायच्या. भेट दोन्ही हातांनी द्यायची. नावापुढे ‘सान’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘राव’. पण स्वतःच्या नावाला लावायचं नाही. शेवटी खास माझ्यासाठी: ‘बाबा, भुरके मारू नका.’

भेट सांगलीची हळदच, यावर मी ठाम. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद, चेष्टा नाही! पण बायको साताऱ्याची. पेठनाक्यापर्यंत ती गप्प होती. साताऱ्यात मेहुणा कंदी पेढ्यांचे चार पुडे घेऊन गाडीत बसला आणि तिचा जिल्हा बहुमतात आला.

“दाजी, हळद? कुणाला मुका मार लागलाय का तिकडं?”

तेवढ्यात बायको किंचाळली. “चार? अरे, चार नको!” जपानीत चारला ‘शि’ म्हणतात आणि मरणालाही ‘शि’च. लग्नाच्या अहेरातही त्यांना विषम आकडाच बरा वाटतो. आपण एक्कावन्न, एकशेएक करतो, तसंच म्हणा ना. मेहुण्याने खंबाटकीच्या बोगद्यात एक पुडा फोडला. उजेड आला तेव्हा हिशेब तीनवर होता.

उशीर नको म्हणून निघालो ते दोन तास आधीच पोचलो. वेळेआधी कुणाच्या दारात उभं राहणंही त्यांच्यात बरं दिसत नाही. मग सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात बसलो. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली बाग; सरावाला याहून चांगली जागा कुठली? मेहुणा समोरून येईल त्याला कमरेतून वाकू लागला. एका आजोबांनी त्याला आशीर्वाद दिला.

दारात त्याने स्वतःच्या नावाला आधी ‘राव’ लावलं, वर ‘सान’. साहेब हसले नाहीत, उलट जास्तच वाकले. हळदीची पिशवी मात्र त्यांनी वासावरूनच ओळखली. “उकोन!” त्यांच्याकडे प्यायला बसण्याआधी हळदीचं पेय घेतात म्हणे, सकाळी डोकं धरू नये म्हणून. मेहुणा माझ्या हळदीकडे पहिल्यांदाच आदराने बघू लागला.

मग बसलो, वज्रासनात. दोन मिनिटांत माझे पाय माझे राहिले नाहीत. बाईंनी वाडग्यात हिरवी पूड घेतली, गरम पाणी ओतलं आणि रवीच्या धाकट्या बहिणीसारख्या बांबूच्या घुसळणीने फेस काढला. दूध नाही, साखर नाही. गोड आधी खायचं, म्हणून आमची परवानगी मागून आमचेच पेढे पुढे केले. वाडगा तळहातावर ठेवून दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांना लागत नाही. फिरवला. कडू होता, पण पेढ्यावर बरा लागला. तळाशी थोडा उरला तेव्हा चाळीस वर्षांची सवय आडवी आली. सुर्रर्र!

बायकोने डोळे मिटले. बाईंनी मात्र समाधानाने मान लववली. शेवटचा घोट असाच आवाज करून घ्यायचा असतो, म्हणजे यजमानाला कळतं की चहा संपला.

बायको कऱ्हाडपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिथे हॉटेलात चहा आला. मी कप तळहातावर घेतला, दोनदा फिरवला.

“काका, चीर हाय का कपाला?” पोऱ्या म्हणाला. “बदलून आणू?”