०.८ बायको आणि ६६ मीटर कापड

मुळशी तालुक्यात सध्या आम्ही एका कुटुंबाच्या शोधात आहोत. वर्णन असं: कमावता पुरुष एक, बायको एक, लहान मुलं दोन. सासू-सासरे नाहीत, गावाकडे पैसे धाडायचे नाहीत. खाणारी तोंडं चार, पण सरकारी मापात भरतात तीनच. पुरुष अख्खा एक, बायको ०.८, पोरं प्रत्येकी ०.६. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं गणित याच कुटुंबावर बसवलं: एका मापाला रोज २७०० कॅलरी आणि घराला वर्षाचं ७२ वार कापड.

पिरंगुटला विचारलं, तर लोक म्हणाले, असलं कुटुंब इकडे राहत नाही. इथे बाई पॅकिंगला जाते आणि पोरांना आजी बघते. हिशेबात आजीचा पत्ता नाही, त्यामुळे ती जेवत नसावी. म्हातारीनं औषधं तर मागूच नयेत.

७ जून २०२१ ला शेजारच्या उरवड्यात कंपनीला आग लागून १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक बाया होत्या. त्या कामाला का जात होत्या, हे ०.८ वाल्या गणितात कुठेच लिहिलेलं नाही.

सरकार मात्र स्वस्थ बसलेलं नाही. नव्या वेतन संहितेच्या नियमांच्या मसुद्यात ७२ वारांचं ६६ मीटर केलं. म्हणजे टेप बदलली. साठ वर्षांत कापड मात्र वीतभरही वाढलं नाही. घरभाडं धरलं अन्न-कपड्याच्या खर्चाच्या १० टक्के. तालुक्यातल्याच माण गावातल्या एका खोलीमालकाला हा दर सांगितला. त्यानं आदरानं चहा पाजला आणि विचारलं, "भाऊ, एका खोलीत किती जण राहणार?"

मधल्या काळात केंद्रानं तज्ज्ञांची समितीही नेमली होती. डॉ. अनुप सत्पथींच्या या समितीनं २०१९ च्या सुरुवातीला सांगितलं, देशभर रोज किमान ३७५ रुपये द्या. त्याच वर्षी जुलैत सरकारनं देशाचा तळाचा दर १७६ वरून १७८ केला. चक्क दोन रुपये! एवढा पैसा एकदम हातात आला की कामगार बिघडतो, अशी सरकारला रास्त भीती असावी. महाराष्ट्राचे दर याहून बरे आहेत; फक्त ते कागदावरून ठेकेदारामार्फत हातात येईपर्यंत वाटेत थोडे झिजतात.

वाढ मागणाऱ्यांना आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: "उद्योग गुजरातला जातील." हिंजवडीच्या कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीतूनही हेच ऐकू येतं. कोंडीमुळे कुणी जात नाही, खड्ड्यांमुळे नाही, वीज गेल्यामुळे तर नाहीच. जातात ते पॅकिंगवालीनं पन्नास रुपये जास्त मागितले की. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभरच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, महिना २६ हजार मागत. त्या तर कुठल्या कारखान्यातही नव्हत्या. अंगणवाडी गुजरातला नेणार कशी, हे कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यांना तिजोरीचं कारण मिळालं.

तिजोरीची किल्ली कधीच सापडत नाही, असं नाही म्हणता येत. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचं वेतन आणि भत्ते वाढवणारं विधेयक विधिमंडळात चर्चेविनाच मंजूर झालं. आमदारांच्या घरात किती मापं जेवतात आणि त्यांना किती मीटर कापड लागतं, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.